विंडोज ११ आणि अर्ध्या र-चं गाऱ्हाणं

(मालवणात एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदया आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'विंडोज १० वरून ११ वर जाताना: टप्पे आणि अडचणी'. टप्पे सांगायचेच आहेत. पण आपल्याकडे आधी गाऱ्हाणं घालतात आणि मग नारळ फोडतात, तोच क्रम ठेवू. मधूनमधून 'व्हय म्हाराजा' म्हणत राहिलात तर बोलणाऱ्यालाही धीर येईल. (हशा)

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. मायक्रोसॉफ्टने कौल लावला नव्हता. २०१५ च्या जुलैत आलेल्या विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कधीचं जाहीर होतं. चतुर्थी गेली, दसरा गेला, आणि पडद्यावर सूचना आल्यावर आपण गडबडलो. त्या दिवशी मशीन बंद पडलं नाही, पडणारही नव्हतं. थांबले ते सुरक्षेचे अपडेट. घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत मिळते. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलेलं हवं. म्हणजे आज घरी जाऊन घाईने काही दाबायची गरज नाही. पावसाळ्यात तर नकोच, का ते पुढे येईल.

आता मूळ म्हणणं. 'नव्या विंडोजचा त्रास' म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला मराठीत काम करणाऱ्यांचा बराचसा त्रास विंडोजचा नसतो. तो आपण वीस-पंचवीस वर्षं फॉन्टमध्ये साठवून ठेवलेला असतो. म्हणून सिस्टिम बदलण्याआधी मजकूर बदला. उलट क्रमाने गेलात की अडकलात.

स्टार्ट मेनू डावीकडून मधे सरकला, याचं दुःख चार दिवसांचं. नाहीच सवय झाली तर सेटिंग्जमध्ये टास्कबारची अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. राइट क्लिकचा जुना लांबलचक मेनू हवा असेल तर शिफ्ट धरून राइट क्लिक. ही किरकोळ दुखणी आहेत, त्यांच्यावर व्याख्यान कशाला.

खरं दुखणं असं सुरू होतं. कार्यालयात नवं मशीन आलं. दाखल्याची जुनी वर्ड फाइल पेनड्राइव्हने आणून उघडली. मजकूर मराठीतच दिसतोय, पण ओळी सरकल्यात, तक्ता मोडलाय, सही-शिक्क्याची जागा भलतीकडे गेलीय. फाइल खराब झालेली नाही. ती मंगल फॉन्टमध्ये केलेली आहे. मंगल विंडोज २००० पासून मशीनवर असायचा, त्यामुळे तो भिंतीतल्या खुंटीसारखा कायमचाच असं आपण धरून चाललो. विंडोज १० पासून तो ऐच्छिक झाला. कोऱ्या मशीनवर येतो तो निर्मला युआय. मंगल सापडला नाही की वर्ड न विचारता दुसरा फॉन्ट लावतं, आणि दोघांच्या ओळींची उंची वेगळी. उपाय सोपा आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्स, आणि तिथे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स'. मंगलबरोबर कोकिला, अपराजिता, उत्साह हेही येतात. लँग्वेजमध्ये मराठी जोडली तरी हा संच आपोआप उतरतो, फक्त तेव्हा इंटरनेट हवं. जुन्याच मशीनवर, आहे त्यावरच अपग्रेड केलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही, कारण त्याचा मंगल जागच्या जागी असतो. तो म्हणतो 'आमच्याकडे काय झालं नाय', शेजारी म्हणतो 'आमचं सगळं गेलं', आणि दोघेही खरं बोलत असतात.

हे झालं युनिकोडचं, म्हणजे जिथे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीचं. आता छापखान्याकडे वळू, म्हणजे कृतिदेव आणि त्याच्या भाऊबंदांकडे, युनिकोड न मानणाऱ्या जुन्या फॉन्टांकडे. कृतिदेवमध्ये 'मराठी' असं लिहिलेल्या फाइलमध्ये मराठीचं एकही अक्षर नसतं. तिथे इंग्रजी ई, जे, के, शिफ्टवाला बी आणि एच अशी पाच अक्षरं असतात. फॉन्ट ई-ला म चं सोंग देतो, जे-ला र चं. दशावतारासारखंच, रंग पुसला की आत वेगळाच गडी. (हशा) नव्या मशीनवर फॉन्ट नसला की लग्नपत्रिकेच्या डोक्यावर 'श्री'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा केर दिसतो.

मग लोक जुन्या मशीनवरचं फॉन्ट्स फोल्डर उचलून आणतात आणि तरी दोन-तीन फॉन्ट राहतातच. कारण विंडोज १० च्या मधल्या काळापासून फॉन्टवर नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं तर तो त्या एका युजरपुरता बसतो, आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये न जाता त्या युजरच्या ॲपडेटामध्ये लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा आतल्या खणात जाऊन पडतो. तो खणही उचला. नव्या मशीनवर बसवताना राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' घ्या, कारण छपाईची पानं लावणाऱ्या जुन्या डीटीपी प्रोग्रॅमना एकट्या युजरचे फॉन्ट बरेचदा दिसतच नाहीत. आणि रीजनच्या खोलवरच्या सेटिंगमध्ये 'बीटा' असं लिहिलेली युटीएफ-८ ची एक चौकट आहे, तिला हात लावू नका. कुणीतरी 'मराठीसाठी चांगलं' म्हणून तिथे टिक करतो आणि जुन्या प्रोग्रॅममधली निम्मीअर्धी जोडाक्षरं चौकोन होतात, कारण ते फॉन्ट इंग्रजीबाहेरच्या वरच्या जागा वापरतात आणि त्याच जागांचा अर्थ या टिकने बदलतो.

जुन्या सॉफ्टवेअरच्या डोंगलचंही, म्हणजे मशीनला लावायच्या त्याच्या चावीचंही, इथेच सांगतो. लिपीचं सॉफ्टवेअर बसलं, पण डोंगल ओळखत नाही, तर विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे जाऊन बघा. 'मेमरी इंटेग्रिटी' चालू असेल तर ती जुने ड्रायव्हर आत घेत नाही. लोक ती बंद करून मोकळे होतात. म्हणजे चावी लागत नाही म्हणून दारच काढून ठेवलं. आधी विक्रेत्याकडे नवा ड्रायव्हर मागा.

आता मुख्य गाऱ्हाणं. आचार्य आणि आचारी हे उदाहरण शाळेत सगळ्यांनी घोकलंय. आपण आपलं घेऊ: दर्या आणि दऱ्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा र. एक समोर आहे, दुसऱ्या घाटात. इन्स्क्रिप्ट या सरकारमान्य कीबोर्डवर दर्या म्हणजे ओ, जे, डी, स्लॅश, ई. दऱ्या म्हणजे तेच सगळं, फक्त जे दाबताना शिफ्ट. एका शिफ्टने समुद्राचा सह्याद्री होतो. (हशा)

हा झाला राजमार्ग. अर्ध्या र-ला एक आडवाटही आहे: साधा र, मग हलन्त, आणि मग एक न दिसणारं चिन्ह, शून्य रुंदीचा जोडक. दोन्ही वाटांनी पडद्यावर अगदी एकसारखं दिसतं, मशीनच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. खातेदारांच्या यादीत एका कारकुनाने शिफ्ट-जे वापरलं आणि दुसऱ्याने जोडक, की नाव शोधताना काही खाती सापडतात, काही सापडत नाहीत, आणि डोळ्यांना तर सगळी सारखीच दिसत असतात. त्याहून वाईट म्हणजे, मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना काही प्रोग्रॅम न दिसणारी चिन्हं कचरा समजून झाडून टाकतात. जोडक गेला की अर्ध्या र-चा रफार होतो. कुऱ्हाडीची कुर्हाड होते, गुऱ्हाळाचं गुर्हाळ, आणि आजचं आपलं गाऱ्हाणं, त्याचंही गार्हाणं. ही पडझड नेमकी नव्या विंडोजच्या पहिल्या आठवड्यात, फाइली हलवताना दिसते. शिव्या मग विंडोजला.

कृतिदेवमधून युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर बरेच आहेत, फुकटही आहेत. पण ते कुठे घसरतात ते माहीत हवं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार उलटा, जुन्यात सगळ्यात शेवटी आणि युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते, आणि 'निर्मिती'सारख्या वेलांटी-रफाराच्या गर्दीत तो धडपडतो. मधेच आलेला इंग्रजी शब्द, ईमेल, वाहनाचा नंबर, यांचंही तो इमानेइतबारे देवनागरी करतो. म्हणून आधी जुन्या मशीनवरच, फॉन्ट जागेवर असताना, प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ काढा. ती तुमची ताडून बघायची प्रत. मग मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या नकलेवर काम करा. वर्डच्या 'फाइंड'मध्ये शब्दाऐवजी फॉन्ट देऊन शोधता येतं, तेव्हा कृतिदेवमधला मजकूर तेवढाच उचला, इंग्रजी जागेवर राहू द्या.

शेवटी 'र्ह' शोधा. मराठीत रफाराचा ह दुर्मीळ, त्यामुळे चुका पटापट सापडतील. पण 'रिप्लेस ऑल' दाबायचं नाही, एकेक बघायचं. कारण 'अर्हता'मधला रफार अस्सल आहे, आणि 'रिप्लेस ऑल'ने शैक्षणिक अर्हतेची अऱ्हता होते. 'र्य'ला तर अजिबातच नको. सूर्य, कार्यालय सगळे जातील, आणि तुमची पतसंस्था 'मर्यादित'ची 'मऱ्यादित' होईल. (मोठा हशा)

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. घ्या टप्पे.

मशीन चालेल का ते बघायला विंडोज आणि आर दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' टाका. टीपीएम म्हणजे मशीनमधली सुरक्षेची सोय, तिचं व्हर्जन २.० हवं. सापडत नाही म्हणाला म्हणून मशीन भंगारात काढू नका. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ते बंद असू शकतं. इंटेलच्या बोर्डवर नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. रॅम कागदावर ४ जीबी, कामाला ८. डिस्क ६४ जीबी, आणि ती फिरणारी हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी घ्या, मग बाकीचं बोलू.

डिस्कच्या विभागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलायला ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टवर एमबीआर२जीपीटी हे साधन आहे. आधी 'व्हॅलिडेट', ते पास झालं तरच 'कन्व्हर्ट', दोन्हीच्या मागे 'अलाऊफुलओएस'. चार प्रायमरी पार्टिशन असतील तर पहिल्यातच नापास. डेटा जात नाही, तरी बॅकअप घ्या. त्यानंतर बायोसमध्ये मशीन सुरू करायची जुनी पद्धत, लीगसी, काढून नवी, युईएफआय. हा क्रम उलटला तर मशीन डिस्कवरून सुरूच होत नाही.

विंडोज १० बत्तीस बिटची असेल तर अपग्रेड नाही, कोरं इन्स्टॉलच. विंडोज ११ बत्तीस बिटमध्ये निघतच नाही. पतसंस्थांमध्ये, दुकानांत डॉसवरचं, म्हणजे विंडोजआधीच्या सिस्टिमवरचं, फॉक्सप्रो हे नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर अजून चालतं. ते सोळा बिटचं, चौसष्ट बिटच्या विंडोजवर उघडणारच नाही. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये उघडतं, पण पासबुक प्रिंटरवर छपाई होते का ते आधी तपासा, जुनं मशीन त्यानंतरच हलवा. व्हिज्युअल फॉक्सप्रो बत्तीस बिटचं आहे, ते चालतं.

आता बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, आणि हे नीट ऐका. नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद होते. किल्ली ४८ अंकी, त्या खात्यात जमा असते. ती कागदावर उतरवा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत बोर्डवरच्या सीआर२०३२ सेलच्या पट्टीवर हिरवट थर चढतो. सेल संपला की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, पीटीटी बंद होतं, आणि सकाळी मशीन ४८ अंक मागतं. माणूस म्हणतो 'काल तर चालू होतं'. ज्याचं खातं पुतण्याने मुंबईहून उघडून दिलंय, त्याने किल्ली कुणाकडे मागायची ते आजच ठरवा.

वीज. ६०० व्हीएच्या यूपीएसवर डेस्कटॉप दहा-पंधरा मिनिटं निघतो, आणि अपग्रेडचा टक्केवाला भाग एसएसडीवरही अर्धा तास सहज घेतो, हार्डडिस्कवर बराच जास्त. जून ते सप्टेंबर लाइनचा भरवसा नाही. मध्येच गेली तर सिस्टिम मागे फिरायला बघते, दर वेळी जमेलच असं नाही. डाउनलोड पाच जीबीच्या वर आहे, मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत बसणार नाही. एकदाच आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि सगळ्या मशीनना वापरा.

अपग्रेड केल्यावर मागे फिरायला दहा दिवस मिळतात. त्याआधी डिस्क साफ करायच्या भरात विंडोज डॉट ओल्ड, म्हणजे जुन्या विंडोजचं फोल्डर, उडवलं तर तो रस्ता बंद. या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, सगळं एकदा चालवून बघा. आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, सरकलेत का तेही बघा. फुकट जागा ५ जीबीच आहे, लग्नाच्या फोटोंनी एका दुपारी भरते.

कीबोर्ड राहिला. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, मराठी, तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स, तिथे 'मराठी फोनेटिक' जोडता येतो. विंडोज आणि स्पेसबारने अदलाबदल. रेमिंग्टन या जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर हात बसलेल्यांना विंडोजमध्ये आयती सोय नाही, वेगळं बसवावं लागेल. आणि दुसऱ्या दिवशी पासवर्ड घेत नसेल तर तो विसरलात असं समजू नका. लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली बघा, कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो.

प्रश्न चहाबरोबर घेऊ. आचाऱ्यांनी मागून खूण केलीय. शिफ्ट-जे वाल्या.