एक कीबोर्ड, दोन गिऱ्हाइकं

समजा, तुमचा प्रोग्रॅम मेन्यू दाखवतो आणि बाहेर पडायला ‘क्यू’ दाबा म्हणतो. तो तुम्ही एलएलडीबी या डिबगरमध्ये (चालता प्रोग्रॅम थांबवून चुका शोधायचं साधन) ब्रेकपॉइंटवर, म्हणजे थांबायची खूण केलेल्या ओळीवर, थांबवलाय. ‘कंटिन्यू’ दिलंत आणि लगेच ‘क्यू’ दाबून एंटर मारलंत. हे अक्षर प्रोग्रॅमला जायला हवं. पण एलएलडीबीतही ‘क्यू’ म्हणजे ‘क्विट’. ते चुकून डिबगरच्या हाती लागलं तर तो विचारतो, चालू प्रोसेस मारून बाहेर पडू का? इथे नुसतं एंटर दाबलं तरी उत्तर ‘हो’ धरलं जातं. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. आणि हे दर वेळी घडत नाही, हीच खरी पंचाईत.

आत काय चालतं ते बघू. एलएलडीबी हा एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पातला डिबगर. मॅकवर एक्सकोड या अ‍ॅपलच्या प्रोग्रॅमिंग साधनाच्या पोटात तोच असतो. त्यात इनपुट वाचणाऱ्या हँडलरांची, म्हणजे ते काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची, चळत असते. जो सगळ्यांत वर, कीबोर्ड त्याचा. प्रोग्रॅम थांबलेला असताना वर कमांड वाचणारा हँडलर. प्रोग्रॅम सुटला की त्याच्यावर दुसरा चढतो, आणि तो तुमची अक्षरं स्यूडो-टर्मिनलमधून (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली टर्मिनलमधून) प्रोग्रॅमला पोचवतो. (जीडीबी या दुसऱ्या डिबगरची वाट निराळी आहे, तो एरवी टर्मिनलच प्रोग्रॅमच्या ताब्यात देतो.)

आता मेख. डिबगरमध्ये एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे वेगवेगळे धागे, चालू असतात. कमांड चालवतो मुख्य थ्रेड, आणि दुसरा हँडलर चढवतो प्रोसेसच्या अवस्थेवर नजर ठेवणारा वेगळाच थ्रेड. कंटिन्यू उरकलं की मुख्य थ्रेड मागे फिरतो आणि चळतीत वर कोण आहे ते बघतो. तोवर दुसऱ्या थ्रेडचं काम झालं असेल तर ठीक. नसेल, तर प्रोग्रॅम तिकडे पळतोय आणि इकडे डिबगरचा प्रॉम्प्ट उमटलाय. एलएलडीबीच्या सोर्समध्ये एका कॉमेंटमध्ये ही रेस कंडिशन (दोन थ्रेडमध्ये आधी कोण पोचतो यावर निकाल ठरणं) सरळ शब्दांत लिहून ठेवली आहे. कोडच्या आधी ती वाचा.

“मग मुख्य थ्रेडमध्ये एक स्लीप, म्हणजे थोडा वेळ नुसतं थांबायची ओळ, टाकू की!” असं मागच्या रांगेतून आलं. येणारच होतं. पण मशीनवर लोड आला की तो स्लीप अपुरा पडतो, आणि लोड नसताना प्रत्येक कंटिन्यूला सगळ्यांचा वेळ खातो. स्लीपची जागा एकच: बग मुद्दाम घडवून बघायचा असेल तेव्हा तो दुसऱ्या थ्रेडमध्ये, हँडलर चढवायच्या ओळीच्या आधी टाका. कधीमधी दिसणारा बग हुकमी दिसायला लागतो.

यापेक्षा शहाणा वाटणारा उपाय म्हणजे बूलियन फ्लॅग, म्हणजे हो किंवा नाही एवढंच सांगणारी खूण. हँडलर चढला की ‘ट्रू’, उतरला की ‘फॉल्स’. मुख्य थ्रेडने ठरावीक मुदतीपर्यंत ‘ट्रू’ची वाट बघायची. सहकाऱ्यांनी कोड तपासला तरी हे सहज पास होईल. पण पुढच्याच ओळीवर ब्रेकपॉइंट असेल तर? हँडलर चढला, प्रोसेस थांबली, हँडलर उतरला, आणि मुख्य थ्रेडने वाट बघायला अजून सुरुवातही केलेली नाही. आता तो होऊन गेलेल्या गोष्टीची वाट बघत मुदत संपेपर्यंत बसणार. तुम्हाला वाटणार, डिबगर हँग झाला.

एलएलडीबीत म्हणून फ्लॅगऐवजी आकडा आहे. हँडलर चढवायची वेळ आली की तो एकाने वाढतो, कमी कधीच होत नाही. आपण गावाला गेलो असताना घरात वीज वापरली गेली का, हे परत आल्यावर दिवा बघून कळत नाही, मीटरचं रीडिंग बघून कळतं. मुख्य थ्रेडही ‘आकडा मघाचा राहिला नाही ना’ एवढंच बघतो. मात्र मघाचं रीडिंग प्रोसेस सोडण्याआधी घ्यायचं. त्या दोन ओळी उलट्या झाल्या की जुनाच बग परत, आणि डिफ (कोडमधल्या बदलांची यादी) वाचून तो कोणाच्या लक्षात येणार नाही. मुदत इथेही ठेवावी लागते, कारण एलएलडीबीचा कर्सेसचा गुई (टर्मिनलमध्येच अक्षरांनी रंगवलेल्या खिडक्या) चालू असेल तर हँडलर चढवलाच जात नाही.

थांबतानाची बाजू सोपी आहे. इनपुटची वाट बघत अडकलेल्या हँडलरला उठवायला एका पाइपमध्ये (कोडच्या दोन भागांमधल्या निरोपाच्या नळीत) एक अक्षर लिहितात. गंमत म्हणजे तेही ‘क्यू’च.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. तुम्ही टाइप करत असताना मध्येच ब्रेकपॉइंट लागला, तर अर्धी ओळ कोणाची? हँडलरने वाचलेली अक्षरं प्रोग्रॅमची. टर्मिनलच्या बफरमध्ये उरलेली प्रॉम्प्टवर येतात. माझ्या मते याला लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) हा इलाज नाही, कारण तुम्हाला कोणाशी बोलायचं होतं ते कोडला कळायला मार्गच नाही. सतत इनपुट मागणारा प्रोग्रॅम असेल तर मॅकवर प्रोग्रॅम सुरू करायच्या ‘प्रोसेस लाँच’ कमांडला ‘टीटीवाय’चा पर्याय द्या, त्याला वेगळी टर्मिनल खिडकी मिळते.