येऊरचा एक दगड

(ओढ्याचं पाणी. मधमाश्यांची गुणगुण.)

सप्टेंबर 2024. ठाण्याचं येऊर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडची बाजू. समोरचा अख्खा उतार जांभळा झालाय. कारवी फुललीये, डोंगरउतारावरचं झुडूप. याआधी इथं ती अशी फुलली होती 2016 साली. सात वर्षं नुसती पानं, आठव्या वर्षी फुलं, मग बी धरायचं आणि मरून जायचं.

त्या दिवशी फोटो काढणाऱ्यांची ही रीघ! खोटं कशाला बोला, आम्हीही त्यातलेच. पाड्यावरच्या एक मावशी मोळी घेऊन चालल्या होत्या. आमच्याकडं बघून म्हणाल्या, "आता सगळेच येतात. पुढच्या पावसाला या. बघायला नको, ऐकायला."

काय ऐकायचं, ते काही सांगितलं नाही. म्हणून कहांडोळाच्या झाडाखालचा हा दगड धरला. दर महिन्याला इथंच येऊन बसायचं.

नोव्हेंबरात उतार तपकिरी. फुलांच्या जागी बोंडं. चिकट, उग्र वासाची. शर्टाचा वास दोन धुण्यांत गेला नाही. डिसेंबर-जानेवारीत ओढा डबक्यापुरता उरला. ते दोन महिने कंटाळवाणेच गेले.

(कहांडोळाचं खोड, अगदी जवळून.)

फेब्रुवारीत मात्र नजर कारवीवरून हटली. कहांडोळाला एक पान नाही. पांढरंफटक खोड, त्यावर कागदासारखे पापुद्रे सुटलेले. वाऱ्यानं ते फडफडतात. रात्री या झाडाला भूत का समजत असतील, ते दिवसासुद्धा कळतं. पुढं त्याला फळं धरली. चांदणीसारखी पाचपाकळी, लालसर, मखमली. मखमल दिसली म्हणून हात लावला, आणि संध्याकाळपर्यंत बोटं खाजवत बसलो. ती लव खाजरी असते.

मार्चमध्ये ओढ्यापलीकडचा कुसुम लाल पालवीनं पेटला. कारवीच्या तोवर नुसत्या काठ्या आणि त्यांवरची वाळकी बोंडं राहिली होती. पूर्वी वारली घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या असायच्या, वरून शेणमातीचं लिंपण.

आम्ही हिशेब धरला होता जूनचा. पण 2025 साली मान्सून मुंबईत 26 मे रोजीच येऊन धडकला, दोन आठवडे आधी. त्याच्याही आधी वळवाच्या सरी. काजव्यांचं चित्रीकरण राहिलं ते राहिलंच. मिळेल त्या गाडीनं येऊर गाठलं.

(पाऊस. मग निवेदन थांबतं.)

टक्.

वाळकी काडी मोडली असेल, असं वाटलं. मग डावीकडून टक्. मागून दोनदा. कारवीची भिजलेली बोंडं तडकत होती, आणि वर्षभर आत धरून ठेवलेलं बी उडत होतं. एक बी दगडावर आपटून ओल्या मातीत गेलं. चपटं, मसुरीएवढं.

आमच्या छत्रीवरच पाऊस एवढा वाजत होता, की निम्मे आवाज हुकले. शेवटी छत्री मिटली.

(टक्. टक् टक्.)