आधी रक्त, मग गोळी

(दृश्य: अंधारी खोली. पडद्यावर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सुरू आहे.)

ही उघडझाप करतेय ती हृदयाची झडप. तिच्या कडेला एक तुकडा लोंबतोय, बघा. काटेरी कुंपणात अडकलेली चिंधी फडफडावी तसा, झडपेचा ताल सोडून हलतोय. डॉक्टर याला व्हेजिटेशन म्हणतात. गोठलेल्या रक्ताचे धागे आणि त्यात ठाण मांडून बसलेले जंतू. आजाराचं नाव इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस.

जन्मतः हृदयात दोष असलेल्यांना हा धोका इतरांपेक्षा बराच जास्त. ऑपरेशन झालेलं असलं तरी.

(दृश्य: शाळेचं आवार.)

फेब्रुवारी २०१३. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरमधून झाली. शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासली जाऊ लागली. कुणाच्या हृदयाला छिद्र निघालं, ऑपरेशन मोफत झालं. तेव्हाची दहा वर्षांची मुलं आज विशी ओलांडून गेलीत. टाके वाळले, पोर खेळायला लागलं आणि फाईल ट्रंकेच्या तळाशी गेली. मुलीची असेल तर लग्न ठरताना ती कुणी वरही काढत नाही.

(दृश्य: हृदयाचं चित्र. खालचे दोन कप्पे.)

आता थोडी उलटी वाटणारी गोष्ट. खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र लहान असेल, तर 'काही करायला नको' असं सांगतात, आणि बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण डाव्या कप्प्यातला दाब १२०च्या आसपास, उजव्यातला जेमतेम २५. मधल्या बारीक भोकातून रक्त पिचकारीसारखं सुटतं आणि समोरच्या अस्तरावर वर्षानुवर्षं आदळतं. अस्तर खरखरीत होतं. तिथं रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) चिकटतात. मग एखाद्या दिवशी हिरडीतून रक्तात उतरलेला जंतू तिथंच मुक्काम ठोकतो. वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्रात दाबाचा एवढा फरकच नसतो, त्यामुळे नुसतं ते छिद्र असेल तर हा आजार क्वचितच होतो.

झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. शरीराचे शिपाई तिथं पुरेसे पोचत नाहीत, औषधही जोर लावूनच पोचवावं लागतं. म्हणून शिरेतून अँटिबायोटिक, साधारण चार ते सहा आठवडे. काहींना पुन्हा ऑपरेशन.

(दृश्य: रात्रीचं मेडिकल दुकान. काउंटरवर गोळ्यांची पट्टी.)

सुरुवात मात्र अगदी साधी असते. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, जेवण नकोसं. दुकानातून तीन दिवसांची अँटिबायोटिक येते. ताप उतरतो. आठवड्यानं परत येतो. पुन्हा पट्टी. व्हेजिटेशन हृदयाच्या उजव्या बाजूला असेल तर त्याचे कण फुफ्फुसात जातात. खोकला लागतो, एक्स-रेत डाग दिसतात, आणि आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. डाव्या बाजूचे कण मेंदूत गेले, तर थेट पक्षाघात.

त्या पट्टीनं रोग जात नाही, पुरावा तेवढा जातो. रक्तातले जंतू दबतात, कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) कोरं येतं आणि डॉक्टरला अंदाजानं औषध निवडावं लागतं.

(दृश्य: दंतवैद्याची खुर्ची.)

दाढ काढण्याआधी बऱ्याच हृदयरोग्यांना अँटिबायोटिक, ही पद्धत अमेरिकन हार्ट असोसिएशननं २००७ मध्ये आवरती घेतली. आता ती मुख्यतः कृत्रिम झडप बसवलेल्यांना, हा आजार एकदा होऊन गेलेल्यांना, जन्मतःच्या हृदयदोषामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पडून ओठ-नखं निळसर दिसणाऱ्या, ऑपरेशन न झालेल्या रुग्णांना आणि छिद्रावर लावलेल्या ठिगळाच्या कडेनं अजून गळती असलेल्यांना. ठिगळ किंवा दुसरं कृत्रिम साहित्य घालून दोष पूर्ण बुजवला असेल, तर पहिले सहा महिने. कारण साधं आहे: एका दाढेपेक्षा रोजच्या ब्रशनं आणि चावण्यानं वर्षभरात कितीतरी जास्त वेळा जंतू रक्तात उतरतात. हिरड्याच निरोगी ठेवणं जास्त कामाचं. पण दातांचा डॉक्टर 'हृदयाचं काही?' विचारतो, तेव्हा ट्रंकेतली ती फाईल आठवायला हवी.

(दृश्य: प्रयोगशाळा. ब्लड कल्चरच्या बाटल्या.)

हातावर नीट जंतुनाशक लावून रक्त घेतलंय. एकदा नाही, तीनदा, वेगवेगळ्या जागांवरून. अँटिबायोटिकचा पहिला थेंब शरीरात जायच्या आधी. बाटल्या यंत्रात, शरीराच्याच तापमानाला. जंतू वाढले तर कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि या बाटलीच्या तळाचा ठिपका पिवळा पडतो. एरवी पाच दिवस वाट पाहतात.

ही दुसऱ्या दिवशी सकाळीच पिवळी झाली.