खांद्यावरचा आकडा

[दृश्य: सकाळचं ऊन. देव्हाऱ्याच्या वर टांगलेली लाकडी चौकट.]

खटाव तालुक्यातलं हे घर. देव्हाऱ्याच्या वर, पांडुरंगाच्या तसबिरीशेजारी एक शिपाई उभा आहे. काचेला आतून बुरा धरलाय. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा ताठ. मागं स्टुडिओतला रंगवलेला पडदा: खांब, पायऱ्या, कुठल्याशा बागेतली झाडं. दसऱ्याला या चौकटीला झेंडूचा हार पडतो, तेवढ्यापुरती ती खाली उतरते.

आजी सांगतात, "आमच्या आजेसासऱ्यांचा हाय. बसऱ्याला जायच्या आदी काढल्याला." बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर.

त्यांचं नाव जुन्या सातबाऱ्यावर सापडतं. पण पलटण कोणती, हुद्दा काय, फोटो कुठल्या साली काढला, हे आज घरात कुणालाच ठाऊक नाही.

[दृश्य: चावडीची भिंत. संगमरवरी पाटीवरून फिरणारा कॅमेरा.]

गावाच्या चावडीत ही पाटी आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत अशा पाट्या आहेत. १९१४ ते १९१९ या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकाचंही नाही.

म्हणून आम्ही पुन्हा चौकटीकडे वळलो.

[दृश्य: टेबल, पांढरं कापड. चौकटीचे खिळे काढणारे हात.]

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही. वरचा थर काचेवरच राहतो आणि चेहरा जातो. तसा असेल तर काचेसकट स्कॅन करायचा. हा मात्र सुटला. आधी मागची बाजू. पाठीवर मधोमध उभी रेघ, एका बाजूला मजकुराची जागा, दुसऱ्या बाजूला पत्त्याची. म्हणजे हा पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेला फोटो. त्या काळी स्टुडिओवाले असेच छापून देत, तिकीट लावलं की गावाकडं रवाना.

आता फोटो वाचायचा. सगळे आधी चेहरा पाहतात. इथं सुरुवात पायापासून करायची.

[दृश्य: भिंगातून पाय.]

घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेलं कापड. आपली 'पट्टी'. इंग्रजांनी ती हिंदुस्थानात उचलली आणि आपल्या सगळ्या फौजेला बांधायला लावली. इंग्रजी शब्दही तोच, फक्त उच्चार बिघडलेला. खाकीचं तसंच. खाक म्हणजे धूळ, माती. पंजाबच्या सरहद्दीवर १८४० च्या दशकात हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या 'गाईड्स' पलटणीनं हा मातकट रंग अंगावर घेतला, आणि पन्नास-साठ वर्षांत लाल डगलेवाली ब्रिटिश फौज लढाईसाठी खाकीत आली.

पट्टीची नाडी कुठं संपते ते पाहा. पायदळाचा शिपाई घोट्यापासून वर गुंडाळायचा, त्यामुळे नाडी गुडघ्याखाली. घोड्यावरचा माणूस गुडघ्यापासून खाली गुंडाळायचा, त्याची नाडी घोट्याजवळ. या फोटोत नाडी वर आहे. माणूस पायदळातला.

मग गुंड्या. पुरुषाच्या डगल्याची डावी बाजू उजवीवर येते. ती उलट दिसली, तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे, आणि मग डावा-उजवा हात, पदकं, फिती, सगळंच उलट वाचावं लागतं. इथं गुंड्या जागेवर आहेत.

[दृश्य: खांद्याचा क्लोजअप. स्कॅन हळूहळू मोठा होतो.]

आणि हा खांदा. पितळेचे अंक, एकावर ऊन चमकलंय. एक. शून्य. तीन.

१०३ वी मराठा लाइट इन्फंट्री.

या तीन अंकांमागे एक हिशोब आहे, आणि आपल्याकडच्या ज्या घरात लष्करी फोटो आहे त्या घरानं तो पाठ करावा असा आहे. १९०३ साली सरसेनापती लॉर्ड किचनेरनं हिंदुस्थानी फौजेच्या पलटणींना नवे क्रमांक दिले. मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले. तिसरीची झाली १०३ वी. पाचवीची, जिला पलटणीत 'काळी पाचवी' म्हणत, ती १०५ वी. दहावी ११० वी. १४, १६ आणि १७ झाल्या ११४, ११६ आणि ११७. मग १९२२ साली पुन्हा फेररचना झाली आणि या सहा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या, ५ वी मराठा लाइट इन्फंट्री. १०३ वी तिची पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी. ११४ वीकडे रंगरुटांच्या शिक्षणाचं काम आलं आणि तिला दहावा क्रमांक मिळाला.

म्हणजे खांद्यावर १०३ दिसलं की फोटो १९०३ नंतरचा आणि १९२२ च्या आसपासपर्यंतचा. नुसत्या ५ या आकड्यावर मात्र भुलायचं नाही. तो १९०३ आधीच्या काळ्या पाचवीचा असू शकतो आणि १९२२ नंतरच्या संपूर्ण रेजिमेंटचाही. आजोबा आणि नातू एकाच आकड्याखाली, आणि पलटणी वेगळ्या.

[दृश्य: छातीवरची तीन पदकं.]

आता छाती. तीन पदकं. गुंड्यांच्या सर्वांत जवळचं चांदणीच्या आकाराचं. फोटो कितीही पुसट असला तरी हा आकार लपत नाही. १९१४-१५ चा स्टार. १९१५ साल संपायच्या आत जो रणभूमीवर पोचला त्यालाच तो मिळायचा. १९१४ चाही असाच एक स्टार होता, पण तो फ्रान्स आणि बेल्जियमला गेलेल्यांचा. १०३ वी गेली मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, सहाव्या पूना डिव्हिजनमधून. त्याच्या शेजारचं गोल पदक चांदीचं, ब्रिटिश वॉर मेडल. तिसरं विजयाचं, त्यावर पंखांची देवता.

ही शेवटची दोन्ही पदकं सुरू झाली १९१९ साली.

मग हा फोटो बसऱ्याला जाण्याआधीचा असूच शकत नाही. पदकं १९१९ नंतरची आणि खांद्यावरचा आकडा १९२२ पर्यंतचा. तीनेक वर्षांचा हा पट्टा. हा माणूस परत आल्यावर स्टुडिओत जाऊन उभा राहिलाय.

[दृश्य: आजी फोटो हातात घेतात. इथं निवेदन नाही. अंदाजे दहा सेकंद.]

बाहत्तरच्या दुष्काळात चांदीचं पदक मोडलं, असं आजींनी नंतर सांगितलं. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तुमच्या घरात असं पदक असेल तर विजेरी तिरपी धरा आणि कड वाचा.

[दृश्य: पुण्यातला जुना बाजार. सतरंजीवर पसरलेले फोटो, कुलपं, घड्याळं.]

हा दुसरा फोटो मिळाला पुण्याच्या जुन्या बाजारात. बुधवार-रविवारचा बाजार, सतरंजीवर ढीग. फोटोतला माणूस गोरा, डोक्यावर वुल्सली हेल्मेट, ते उन्हाच्या देशातलं, मागं मानेवर उतरणारं. छातीवर तिरपा कातडी पट्टा, त्यावर काडतुसांच्या पिशव्या. विकणारे दादा म्हणाले, "घोडदळवाला आहे." तसं वाटतंही. पट्टीची नाडी घोट्याजवळ, टाचेला काटा. पण हा कातडी पट्टा तोफखान्यातले आणि गाड्या हाकणारेही घालत. उत्तर गळपट्टीवर नाही, खिशावर नाही, कमरेच्या बकलवर आहे. स्कॅन मोठा केल्यावर बकलवर चाक दिसलं, आणि चाकाला जोडलेली तोफेची नळी. रॉयल आर्टिलरी, म्हणजे ब्रिटिश तोफखाना.

त्याची बाही बघण्यासारखी आहे. डाव्या मनगटाच्या वर, टोक वर केलेली एक फीत. ती हुद्द्याची नाही. हुद्द्याच्या फिती दंडावर असतात आणि त्यांचं टोक खाली असतं. ही चांगल्या वर्तणुकीची. तिच्याजवळ पितळेची छोटी उभी पट्टी, जखमी झाल्याची खूण. १९१६ पासूनची. आणि उजव्या मनगटावर बारीक चार फिती, परदेशातल्या नोकरीच्या. त्या आल्या १९१८ मध्ये.

[दृश्य: टेबलावर लाल, निळ्या, पिवळ्या कापडाचे तुकडे. रंग जाऊन फक्त निळ्या प्रकाशातलं चित्र उरतं.]

या चार फितींतली खालची काळपट आहे, वरच्या तीन फिकट. का ते या तुकड्यांवरून कळेल. त्या काळातल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार चटकन पकडत, लालाला जवळपास नाहीच. संगणकावर आम्ही फक्त निळा प्रकाश शिल्लक ठेवला. बघा, निळं कापड पांढुरकं झालं. पिवळं काळवंडलं. लाल पार काळं. परदेशी नोकरीची १९१४ सालची फीत लाल असायची आणि ती सर्वांत खाली. पुढच्या सगळ्या निळ्या. म्हणजे हा तोफवाला १९१४ सालीच देशाबाहेर पडलेला.

याच कारणानं लाल डगल्यातला शिपाई जुन्या फोटोत काळ्या डगल्यात दिसतो. आणि फोटोवर हातानं रंग भरलेला असेल तर त्या रंगावर विसंबू नका. तो रंगाऱ्यानं भरलेला आहे. डगला त्यानं पाहिला असेलच असं नाही.

बिल्ल्यावरचा मुकुटही वर्षं सांगतो. कमानी मधोमध खाली दबलेल्या असतील तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, नाहीतर १९५३ नंतरचा, दुसऱ्या एलिझाबेथचा. कमानी फुगीर, घुमटासारख्या असतील तर मधली पन्नास वर्षं, राजांची.

[दृश्य: तिसरा फोटो. तरुण चेहरा, डोक्यावरच्या बिल्ल्याचा क्लोजअप.]

हा फोटो एका कपाटात वह्यांच्या खाली होता. घरातले इतकंच सांगतात की पणजोबा मिलिटरीत होते. बिल्ल्यावर उभा स्तंभ आहे. भीमा-कोरेगावचा स्तंभ, म्हणजे महार रेजिमेंटचा बिल्ला.

महार रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडून टाकली. वडील सुभेदार, आजोबा फौजेत, आणि मुलाला भरतीच्या दारावरून परत पाठवलेलं, अशी घरं कोकणात आणि देशावर होती. या बिल्ल्याला त्या अख्ख्या काळाचं वजन आहे. १९४६ साली रेजिमेंट मशीनगनची झाली, आणि स्तंभावर दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींना छेदून आल्या. या फोटोत नुसता स्तंभ आहे. १९४१ ते १९४६.

खांद्यावर एक चांदणी आहे. इथं पुष्कळ जण फसतात. एक चांदणी सेकंड लेफ्टनंटची, आणि हिंदुस्थानी जमादाराचीही, म्हणजे आजच्या नायब सुभेदाराची. दोन चांदण्या लेफ्टनंटच्या, तशाच सुभेदाराच्याही. नुसती चांदणी बघून पणजोबांना लेफ्टनंट करू नका. पलटणीचे कागद मागवा. जमादार होण्यासाठी त्या माणसानं जे केलं असेल, ते लहान नाही.

[दृश्य: नकाशा. बसऱ्यावर येऊन थांबतो.]

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. त्यांतले हिंदुस्थानी शिपाई तिथं नावानं नाहीत, पलटणीखाली संख्येनं आहेत. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी २९ एप्रिल १९१६ ला कूत-अल-अमारात कैदेत गेल्या, आणि त्यांतले कितीतरी परतले नाहीत.

[दृश्य: पुन्हा खटावचं घर. संध्याकाळ.]

फोटोच्या मागं लिहायला मऊ पेन्सिल घ्यायची. बॉलपेनचा दाब पुढं उमटतो आणि शाई कागदातून उतरते. आजींची नात लिहिते आहे. आधी सातबाऱ्यावरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. खाली गाव, तालुका. मग '१०३ वी मराठा लाइट इन्फंट्री'. मग साल. तिथं ती थांबते आणि विचारते, "अंदाजे लिहू का?"

अंदाजे लिहायचं. १९१९ ते १९२२.

[दृश्य: नवी काच. चौकट देव्हाऱ्याच्या वर परत टांगली जाते. आजी पदरानं कड पुसतात.]