गाडी निघायच्या आधी एकदा शाळेत या

नमस्कार मंडळी. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, आष्टी, गेवराई, बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, वाडीवर, तांड्यावर ऐकत असाल, तर हातातलं काम चालूच राहू द्या, फक्त कान इकडे द्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आज मला बोलायचंय ते आपल्या झेडपीच्या शाळांमधे घरच्यांसाठी आणि शिक्षकांसाठी काय काय चाललंय त्याबद्दल, पण सगळं सांगत बसले तर वेळ पुरायचा नाही, म्हणून जास्त बोलणार ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी आणि मागे राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी. कारण दसरा झाला की टोळी नेणाऱ्या मुकादमाचे फोन सुरू होतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे तर आधीच घेतलेले असतात, दिवाळी कशीबशी होते, आणि मग एका रात्रीत ट्रॅक्टर भरतो. सकाळी हजेरी घ्यायला गेलं की निम्म्या नावांना ओ यायची बंद. शिक्षकाला कळतं तेव्हा पोरगं पार कोल्हापूर-सांगलीकडं पोचलेलं असतं.

तर पहिली गोष्ट हंगामी वसतिगृह. याच्याबद्दल गावात अजून खूप गैरसमज आहेत. पुष्कळ जणांना वाटतं की कुठंतरी लांब इमारत असणार, पोराला तिकडं नेऊन ठेवणार, आजारी पडलं तर कोण बघणार. तसं नाहीये हो. पोरगं आपल्याच गावात राहतं, आपल्याच शाळेत जातं, रात्री झोपायला आजी-आजोबांकडं नाहीतर चुलत्याकडं, मावशीकडं. त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या खाण्याची सोय शाळा व्यवस्थापन समिती गावातच करते, दुपारी शाळेचा पोषण आहार असतोच. म्हणजे म्हातारीला चूल पेटवून तीन नातवंडांना रांधून घालायचा जो घोर असतो ना, की माझ्या हातून होईल का, तो बराचसा हलका होतो. समग्र शिक्षा योजनेतून याला पैसा येतो आणि हंगाम संपून आईबाप परत येईस्तोवर म्हणजे साधारण सहा महिने हे चालतं.

पण यासाठी यादी लागते. शाळेतले शिक्षक पावसाळा सरता सरता घरोघर फिरून सर्व्हे करतात, कोण जाणार, पोरं नेणार की ठेवणार, ठेवणार तर कुणाकडं. त्या वेळी खूप जण सांगतात "अजून काय ठरलं नाय मॅडम". मला कळतं का सांगतात, खरंच ठरलेलं नसतं, मुकादम कुठल्या कारखान्यावर नेणार तेच माहीत नसतं. तरी पण माझं म्हणणं असं की ठरलेलं नसलं तरी नाव लावा, जाणं रद्द झालं तर नाव काढता येतं, पण यादी वर गेल्यावर आणि मंजुरी आल्यावर नवीन नाव घालायला फार खटपट पडते. आणि हो, मंजुरी यायला कधीकधी उशीर होतो, गाड्या जाऊन पंधरवडा होतो तरी जेवण सुरू झालेलं नसतं, असं घडतं, ते मी लपवणार नाही. तेवढे दिवस कसे काढायचे ते निघायच्या आधीच समितीत बसून ठरवा, गावातली चार घरं पुढं आली तर तेवढं भागतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पोरं बरोबर न्यायचीच असतील, घरी ठेवायला कुणीच नसेल, तर निघायच्या आधी शाळेत येऊन शिक्षण हमी पत्रक घ्या. एक कार्ड असतं साधं. पोराचं नाव, शाळा कुठली, कितवीत आहे, अभ्यास कुठवर झालाय. हे कार्ड घेऊन कारखान्याच्या गावातल्या शाळेत जायचं, तिथं त्याला त्याच्या वर्गात बसवून घेतात, आणि परत आलात की पुन्हा आपल्या शाळेत आपल्या वर्गात. नाव कटत नाही, दाखला काढावा लागत नाही.

गेल्या हंगामाआधी चौथीतल्या एका मुलीचं कार्ड मी भरत होते आणि ती शेजारी उभी राहून बघत होती. वाचनाच्या तिथं मी लिहिलं की गोष्टीचं पुस्तक वाचते. तर ती म्हणाली, मॅडम भागाकार येतो ते पण लिहा ना, नाहीतर तिथं मला परत बेरजेला बसवतील. आधीच्या हंगामात तिच्याबरोबर तसंच झालं होतं, दुसऱ्या गावच्या शाळेत मागच्या बाकावर बसवून दिलेलं आणि महिनाभर कुणी विचारलं नव्हतं काय येतं काय नाही. मग मी लिहिलं भागाकार येतो, खाली सही केली, आणि तिनं ते कार्ड दप्तरात पुस्तकाच्या घडीत नीट ठेवलं. त्या दिवसापासून मी कार्ड भरताना मुलाला शेजारी उभं करते आणि त्यालाच विचारते की काय काय येतं सांग.

आणि समजा कार्ड घ्यायचं राहिलंच, घाईत निघालात, तरी घाबरू नका. 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा आहे, त्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखला नाही म्हणून, जन्माचा पुरावा नाही म्हणून शाळेत घ्यायला नकार देता येत नाही. वर्षाच्या मधेच आलं म्हणूनही नाही. वयाप्रमाणं जो वर्ग असेल त्यात बसवायचं आणि मागं पडलं असेल तर वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं, असं कायदा म्हणतो. कुणी नाही म्हणालं तर नुसतं माघारी फिरू नका, मुख्याध्यापकांना भेटा, नाहीतर तिथल्या केंद्रप्रमुखांचा, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांचा, नंबर मागा, आपल्या इथल्या सरांना फोन लावून त्यांचं आपसात बोलणं करून द्या. मास्तर मास्तरांशी बोलले की पुष्कळदा काम होतं. कर्नाटकात जाणारी पण खूप कुटुंबं आहेत, तिथं भाषेचा प्रश्न येतो, पण निपाणी, चिक्कोडी, बेळगाव भागात मराठी शाळा आहेत, चौकशी केली तर सापडतात.

इथं मी जरा तिकडच्या शिक्षकांशी बोलते, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरचे कुणी ऐकत असतील तर. दादा, ताई, तुमच्या वर्गात नोव्हेंबरमधे जी पोरं येतात ती बुजलेली असतात, अंगावरचे कपडे मळके असतात, कारण कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर, पाण्याची काय अवस्था असते ते तुम्ही बघताच, पहाटे आईबाप ऊसाच्या फडात जातात, सहा-सात वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळत बसते, दुपारी वाढं म्हणजे ऊसाचे हिरवे शेंडे गोळा करते. ती शाळेत यायची म्हणजे धाकट्याला पण घेऊन येणार. येऊ द्या त्याला. बसू द्या कोपऱ्यात. त्याला हाकलला की ती पण उद्यापासून येत नाही.

मुलींचं आलंच आहे तर तेही बोलून घेते. सातवी-आठवीतली मुलगी असली की आईबापाच्या जिवाला घोर लागतो, मागं कुणाच्या जिवावर ठेवायची, बरोबर न्यायची तर कोपीला दार नाही, आणि मग सोपा मार्ग म्हणून लग्न उरकून टाकतात. जोडी झाली की एक कोयता वाढतो, कारण तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे पण त्यात आहेच, आपण उघडच बोलू. पण अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे आणि पोरीचं शरीर पंधराव्या वर्षी बाळंतपण झेपण्यासारखं नसतं, पुढं कंबर मोडेस्तोवर मोळ्या उचलणं वेगळंच. मार्च 2022 पासून शाळांमधे सखी सावित्री समिती करायची असा शासन निर्णय आहे, मुलींची सुरक्षितता, शाळा सुटलेल्या मुली शोधणं, बालविवाह थांबवणं ही तिचीच कामं. आपल्या शाळेत ही समिती आहे का आणि तिच्यात कोण आहेत, हे प्रत्येक आईनं विचारावं. गावातले ग्रामसेवक हे बालविवाह रोखणारे अधिकारी असतात, त्यांनाही सांगता येतं, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर तर मुलींना पाठच करून द्या, फुकट लागतो. राहण्याची सोय हवी असेल तर ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना 2021 मधे आली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी, तुमच्या तालुक्याचं कुठं आहे आणि जागा आहे का ते समाजकल्याणच्या ऑफिसात विचारा.

आता आजी-आजोबा, तुमच्यासाठी. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असायला लागतात आणि निम्म्या बायका, हे पुष्कळांना माहीत आहे. पण कायद्यात आईवडिलांबरोबर सांभाळ करणारे पालक असंही लिहिलंय. म्हणजे सहा महिने नातवाला तुम्हीच सांभाळता तर समितीत बसायचा हक्क तुमचाही आहे. आमच्याकडं हंगामात समितीची मीटिंग लावली की गणपूर्ती होत नाही, सदस्य सगळे फडात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत जेवणाचं, हजेरीचं, खर्चाचं सगळं ठरवायचं असतं. मला वाटतं की ज्या गावातनं निम्मं गाव बाहेर जातं तिथं समितीत दोन-तीन आज्या असायलाच हव्यात. सही येत नसेल तर अंगठा चालतो, बोलता येतं ना, बास. नातवंडाच्या ताटात काय पडतंय ते तुमच्याइतकं बारकाईनं कोण बघणार? पहिली ते पाचवीच्या पोराला दुपारच्या जेवणात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन मिळालं पाहिजे, सहावी ते आठवीला 700 आणि 20, असं सरकारनंच ठरवलंय. डाळ पातळ दिसली तर विचारा, विचारण्यात काही वाईट नाही, स्वयंपाक करणाऱ्या ताईलाही वरनं माल कमी आलेला असू शकतो.

शिक्षकांसाठी काय चाललंय ते थोडक्यात. केंद्रावर आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर निष्ठा नावाची शिक्षकांची ऑनलाइन ट्रेनिंग असतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तास प्रशिक्षण सांगितलंय. निपुण भारतचं काम 2021 पासून सुरू आहे, तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता आणि साधा हिशोब करता आला पाहिजे. हे सगळं चांगलंच आहे, मी त्यातनं शिकले पण आहे, पोरांना इयत्तेप्रमाणं न बसवता त्यांना येतं तिथून शिकवायचं हे मला वर्गात खूप उपयोगी पडलं. पण माझ्या सहकाऱ्यांना आणि साहेबांना एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात एप्रिलमधे परत येणारं पोरगं ही नेहमीची गोष्ट आहे, मग परिषदेत त्याच्यावर एक पूर्ण सत्र का नसावं? पाच महिने पुस्तक न उघडलेला पाचवीतला मुलगा परीक्षेच्या तोंडावर वर्गात येतो, त्याला पहिल्या आठवड्यात काय द्यायचं, कुठला सेतू अभ्यास घ्यायचा, हे आम्ही आपलं आपल्या डोक्यानं करतोय. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, पास नाही झालं तर फेरपरीक्षा आणि तीही नाही जमली तर त्याच वर्गात. याचा सगळ्यात जास्त फटका आपल्याच पोरांना बसणार, म्हणून घाईनं बोलतेय.

एप्रिलवरनं आठवलं, पहिलीत जाणारं पोरगं घरात असेल तर शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, पहिले पाऊल म्हणतात त्याला. एक एप्रिलमधे आणि दुसरा जूनमधे शाळा उघडताना. शाळेच्या ओट्यावर टेबलं मांडलेली असतात, एका ठिकाणी पोरगं उड्या मारतंय, एका ठिकाणी मणी ओवतंय, पुढं चित्र बघून गोष्ट सांगतंय, वस्तू मोजतंय, आणि शेवटी आईच्या हातात कार्ड देतात की घरी काय करून घ्यायचं. त्यात वाटाणे निवडताना मोजायला लावणं असलंच असतं, पैसा लागत नाही. एप्रिलच्या मेळाव्याला पट्टा पडलेला नसला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपलेला नसला, तर आजीनं घेऊन यावं, आणि जूनच्याला आईनं.

बाकी दोन गोष्टी पटकन सांगते. शाळेत वर्षातनं एकदा आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, डॉक्टरांची टीम तपासणीला येते, त्या दिवशी पोराला शाळेत पाठवाच, हृदयाचा किंवा डोळ्याचा आजार निघाला तर पुढचा इलाज सरकार मोफत करतं. आणि आठवीत हुशार पोरगं असेल, घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असेल तर एनएमएमएसची शिष्यवृत्ती परीक्षा द्यायला लावा, पास झालं की नववी ते बारावी दरवर्षी 12 हजार मिळतात. फॉर्म भरायच्या वेळी तुम्ही फडात असता, म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि पोराच्या बँक खात्याचं काम जायच्या आधीच उरका.

शेवटी मुकादम दादांनो, तुम्हीही ऐकत असाल. तुमच्या वहीत टोळीतल्या प्रत्येक जोडीचं नाव असतं, कुणाला किती उचल दिली ते असतं. त्याच पानावर बरोबर येणाऱ्या पोरांची नावं आणि इयत्ता लिहा, आणि कारखाना ठरला की कोप्या कुठल्या गावात पडणार तेवढं आमच्या सरांना फोन करून सांगा. आम्ही तिथल्या शाळेत आधीच फोन करून ठेवतो, म्हणजे गाडी पोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथले गुरुजी स्वतः कोप्यांवर येऊन पोरं घेऊन जातील. काही गावांत असं झालंय, आणि तिथली पोरं हंगामभर शाळेत गेलीत.