कॅचरने होम प्लेट कधी सोडावी?

(नागपुरातील क्रीडाशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, सॉफ्टबॉलमध्ये थ्रो भरकटला की स्कोअरशीटवर चूक लागते ती फेकणाऱ्या मुलीच्या नावावर. तो चेंडू अडवायला जी कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे चेंडू झेलणारी खेळाडू, गेलीच नाही, तिच्यासाठी त्या कागदावर रकानाच नाही, आणि माझी आजची तक्रार त्या नसलेल्या रकान्याविषयी आहे.

शाळेत मी कॅचर होते. रेशीमबागेच्या मैदानावरील एका सामन्यात सातव्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो, दोन गडी बाद होते आणि तिन्ही बेस, म्हणजे धावतानाचे टप्पे, रिकामे होते. शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या खेळाडूकडे, सरपटी चेंडू गेला, तिने तो उचलून फेकला आणि तो फर्स्ट बेसवरच्या मुलीच्या डोक्यावरून फाउल रेषेपलीकडे, म्हणजे वैध भागाच्या बाहेर, आमच्या पाण्याच्या माठाच्या दिशेने निघून गेला. मागे उजव्या बाजूला उभी असलेली राइट फिल्डर धापा टाकत तेथे पोहोचेपर्यंत बॅटर तिन्ही बेस ओलांडून घरी, म्हणजे धाव पूर्ण होते त्या होम प्लेटवर, आली होती. मी काय करत होते? मास्क हातात घेऊन, नव्या सुनेने उंबरठा राखावा तशी, होम प्लेट राखत उभी होते, जिच्याकडे त्या क्षणी येणारे कोणीच नव्हते! पुढच्या डावात आम्ही हरलो. शॉर्टस्टॉपला वर्षभर टोमणे ऐकावे लागले. मला कोणी शब्दानेही बोलले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही गप्प राहिले.

जामठ्याला क्रिकेट पाहणाऱ्यांना हे नवे नाही; थ्रोच्या मागे कोणी उभे नसेल तर ओव्हरथ्रोच्या धावा जातातच. सॉफ्टबॉलमध्ये बेसचे अंतर अवघे 60 फूट असल्यामुळे सारे आणखी घाईत घडते. फर्स्ट बेसला फाउल बाजूने जोडलेला नारंगी बेस धावत्या बॅटरसाठी असतो, धडक टळावी म्हणून. संत्रानगरीतल्या मुलींना मी गमतीने सांगते, नारंगी दिसली म्हणून आपली समजू नका. कॅचरने त्याच्याही बरेच बाहेरून, फाउल रेषेला समांतर धावायचे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा ज्यासाठी आपण जमलो ते आता भरभर सांगते. बेस रिकामे असतील तर इन्फिल्डमधील, म्हणजे बेसच्या चौकोनातील, प्रत्येक सरपटी चेंडूवर कॅचरने बॅटरसोबतच निघावे, थ्रो चुकण्याची वाट पाहू नये. शॉर्टस्टॉप किंवा सेकंड बेसकडून सुटलेला थ्रो फाउल भागातच जातो, आणि तेथे राइट फिल्डरपेक्षा कॅचर सहसा लवकर पोहोचते. तिने थ्रोच्या रेषेत, पण बेसपासून काही पावले मागे थांबावे; फार जवळ गेली तर उसळलेला चेंडू तिलाही चुकवून जातो. चेंडू खेळाच्या हद्दीबाहेर गेला तर धावणाऱ्यांना दोन बेस बहाल होतात, म्हणून तो अलीकडेच अडवायला हवा. सेकंड किंवा थर्डवर रनर असेल तर मात्र कॅचरने घर सोडू नये. ते काम राइट फिल्डरचे. फक्त फर्स्टवर रनर असेल तर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होम प्लेटवर येणार हे आधी ठरलेले असावे, आणि बंट झाला, म्हणजे बॅटरने चेंडू हलकेच पुढ्यात टाकला, तर तिथली खेळाडू पुढे धावल्याने उघडा पडलेला थर्ड बेस झाकायला अनेक संघांत कॅचरच धावते, तेव्हा फर्स्टचा विचार सोडावा.

बाकीचे चहानंतर मैदानावर आखून दाखवते, चुना मी सोबत आणला आहे.