छातीतलं पाणी आणि बॉयलरचा भुगा

(लातुरात कामगार आणि त्यांच्या घरच्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित)

मंडळी, आमच्या अण्णांना दम लागायला लागला तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. उजव्या बाजूला छातीत पाणी झालं होतं. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबीच आठवतो, आणि टीबी असतोही पुष्कळांना. सहा महिने गोळ्या झाल्या. पाणी काढलं की पुन्हा भरायचं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अण्णा, तरुणपणी काय काम करायचात?"

"साखर कारखान्यात. बॉयलरचं लॅगिंग."

तोवर कुणी विचारलं नव्हतं. आणि आम्हीही सांगितलं नव्हतं, हे मला जास्त लागतं.

लॅगिंग म्हणजे उष्णता वाया जाऊ नये म्हणून वाफेच्या पाइपांवर चढवलेला थर. त्या काळी त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, म्हणजे दगडातून निघणारं तंतूंचं खनिज. गळीत हंगाम संपला की जुना थर छिन्नीनं खरवडायचा आणि नवा लिंपायचा. पांढरा भुगा नाकातोंडात जायचा. मुकादम म्हणायचा, "दगडाचा कापूस आहे, काही होत नाही." कापूस वेचून मोठ्या झालेल्या माणसांना ते पटायचंही. संध्याकाळी माय ते कपडे दारात झटकायची आणि मी तिथंच खेळत असायचो.

हा तंतू श्वासातून खोल जातो आणि फुप्फुसाभोवतीच्या आवरणापर्यंत पोहोचतो. शरीराला तो विरघळवता येत नाही. काहींना पुढे, बहुतेकदा २० ते ५० वर्षांनी, त्या आवरणाचा कर्करोग होतो, मेसोथेलिओमा. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी अशा ३३ रुग्णांची नोंद छापली. त्यात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीत कधीच न उतरलेली, नुसती खाणीच्या परिसरात वाढलेली माणसंही होती. म्हणून मायचा खोकला ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

नुसत्या पाण्याच्या तपासणीत हा आजार पुष्कळदा सापडत नाही. आवरणाचा तुकडा काढून तपासावा लागतो. अण्णांचा तसा तपासला. केमोथेरपीनं काही महिने बरे गेले, पण आजार मुळापासून जाणार नाही हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. पाणी पुन्हा साठू नये म्हणून छातीत औषधी पावडर सोडून आवरणाचे दोन्ही पदर चिकटवले, त्यानं खरा आराम पडला. तरी आडवं झोपवेना. ओसरीत बाजेवर तीन उशा रचून ते बसल्या बसल्या झोपायचे. दुखतंय म्हणून मॉर्फिन दिलं तर पाहुणे म्हणाले, सवय लागेल. कृपा करून असलं काही ऐकू नका. दुखणं थांबवणं हाही उपचारच आहे.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगानं कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी काम सुरू झाल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर जपाव्यात. अण्णांसारख्या कंत्राटी माणसाच्या नावाची साधी हजेरीही आम्हाला मिळाली नाही.

घरावरच्या सिमेंटच्या पत्र्यांतही अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते धड असतील तर घाबरून उचकटू नका. पण ते कापताना, भोक पाडताना, फोडताना धूळ उडते. कोरडा झाडू मारू नका, भिजवून उचला आणि पोरांना लांब ठेवा.

शेवटच्या महिन्यात अण्णांनी मला त्यांच्या टोळीतली सात नावं लिहून घ्यायला लावली. चौघांच्या घरी मी जाऊन आलो. तिघांचा पत्ता नाही. १९७८ ते ८५ मध्ये कुणाच्या घरचं माणूस बॉयलरच्या टोळीत असेल, तर कार्यक्रम झाल्यावर थांबा. वही मी सोबत आणली आहे.